उरलेल्या दोन जागा

सहा वर्षं मी तिथे फोटो काढले.
टोलेडो, हायवेलगतचं हॉटेल, दुसरा मजला.
एरवी तो हॉल लग्नाच्या जेवणावळींचा;
शनिवारी आमचा बॅनर लागे: उद्याचे चेहरे.

पोरं यायची शंभर-शंभर मैलांवरून,
चुरगळू नयेत म्हणून
गाडीत हँगरला टांगून आणलेले शर्ट घालून.
मॉलमध्ये कुणीतरी त्यांना अडवून म्हटलेलं असायचं,
"तुझ्यात काहीतरी आहे."
तो कुणीतरी म्हणजे डॅरिल.
माणशी चार डॉलर मिळत त्याला.
एकदा चष्मा घरी विसरला, तेव्हा
दुकानातल्या पुतळ्यालाही म्हणून बसला,
असं आम्ही हसायचो.

भिंतीवर आमचे यशस्वी विद्यार्थी, चौकटीत.
दुसऱ्या रांगेत ते रुंद हसू आहे ना,
तो माझा मेहुणा. डेट्रॉइटला गटारं उपसतो.

ऑडिशन म्हणजे शाम्पूच्या दोन ओळी.
अडखळला तरी पास,
रडला तर "काय भाव आहेत!" म्हणून पास.
ज्या चाळणीत कधीच काही अडत नाही
तिला चाळणी म्हणत नाहीत,
नरसाळं म्हणतात.
मला हे कळत नव्हतं असं नाही.
मी लाइट नीट लावत होतो.

मग आतली छोटी खोली. मिसेस प्रूइट, पाण्याची बाटली, करार.
चार हजार दोनशे. फोटोंचे वेगळे.
सही आजच, कारण दोनच जागा उरल्यात.
सहा वर्षं
दोनच उरलेल्या होत्या.

त्या शनिवारी रेनाटा आली, सोळा वर्षांची,
आणि तिची आई याद्विगा,
काचेच्या कारखान्यात तपासनीस.
तिनं विचारलं, कागद घरी नेऊ का?
नेता येत नाही म्हणाल्यावर
तिनं तो ट्यूबलाइटकडे धरला, तिरका,
जणू त्यात कुठे बुडबुडा अडकलाय.
बराच वेळ.

"माझ्या मुलीला काम मिळालं तर तुम्हाला किती?"
"एक सेंटही नाही," मिसेस प्रूइट अभिमानानं म्हणाल्या.
"आणि नाहीच मिळालं तर?"

एसीचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"म्हणजे तुमचं काम आज सहीलाच संपतं,"
याद्विगा म्हणाली, आणि पेनाला टोपण लावलं.
पेन आमचंच होतं. ते तिनं परत ठेवलं.

पार्किंगमध्ये रेनाटा आईशी बोलेना.
गाडीत बसेना.
तू माझं वाटोळं केलंस, असं काहीसं ओरडली पोलिश भाषेत;
पोलिश मला येत नाही, पण ते कळलं.
मी तिथेच सिगारेट ओढत उभा.
गळ्यातल्या कॅमेऱ्यात तिचा फोटो,
पैसे न भरलेला, म्हणून पुसून टाकायचा.

आणि गंमत ही, की फोटो चांगला होता.
खरंच होतं काहीतरी त्या पोरीत:
ओळ संपल्यावर ती जराशी थांबली होती,
पुढचं वाक्य कुणीतरी दुसरंच बोलणार असल्यासारखी.
ते आमच्या इथे शिकवत नसत.
सांगावंसं वाटलं.
पण ते वाक्य आम्ही इतकं मळवून ठेवलं होतं
की खरं बोलायची वेळ आली तेव्हा
तोंडात धरवेना.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा कामावर गेलो.
भाडं होतं. उगाच साव कशाला बनू.
वर्षभरानं गाशा गुंडाळला आम्ही;
इंडियानात तोच बॅनर, नाव निराळं.
तिकडे मी गेलो नाही.

तो फोटो मात्र छापला,
पुठ्ठा लावून पाठवला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.
दहा दिवसांनी उलट टपाली पाकीट आलं.
आत टपालखर्चाचे पैसे, सुटे, मोजून,
आणि चौकोनी अक्षरात एक ओळ:

"डावा डोळा किंचित मिटलाय. दुसरा आहे का?"